वस्त्रगाळ पूड

बिलियर्ड्सचा खेळ माझ्या मायने उभ्या जन्मात एकदाच पाहिला, आणि त्या खेळापायीच ती गेली. असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, नवरा जुगारी असेल, दारुडा असेल. तसलं काही नाही. माझे बाबा नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबात मार्कर होते. बिलियर्ड्सच्या टेबलाची निगा राखायची, हिरव्या कापडावरून ब्रश फिरवायचा, खेळणाऱ्यांचे गुण मांडायचे, आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळून बेताबेताने हरायचं, हे मार्करचं काम. हरण्यात बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. घरी मात्र भाजीत मीठ कमी आहे की नाही, एवढ्या वादातही ते माघार घेत नसत. बाहेरची सगळी हार ते घरी वसूल करतात, असं माय हसून म्हणायची.

आमचं घर इंदोऱ्यात, विहाराच्या मागच्या गल्लीत. कवेलूचं छप्पर, दोन खोल्या, मागे टिनाची न्हाणी आणि एक शेवग्याचं झाड, ज्याच्या शेंगा शेजारपाजारचे आमच्याआधी खात. थोरली ताई लग्न होऊन काटोलला गेलेली, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. माय भाकरी थापायची त्या आवाजाने माझी सकाळ व्हायची. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार. रविवारी विहारातून वंदना करून आलो की पातोड्यांचा झणझणीत रस्सा. माय अंगाने लहानखुरी, पण आवाज असा खणखणीत की गल्लीच्या तोंडाशी खेळणारी मी पहिल्याच हाकेला घरात. ती घासाघासाला बोलायची, बोलता बोलता हसायची आणि हसताना दुसऱ्याच्या पाठीत थाप मारायची. मी चांगली थोराड झाले तरी तिच्या कुशीतच झोपत असे. बाबा मला चिडवायचे, की शालूच्या लग्नात तिची माय पाठराखीण म्हणून जाईल आणि परत यायचंच विसरेल. मायला त्यात चिडवण्यासारखं काही वाटत नसे.

आता त्या चॉकबद्दल. बिलियर्ड्सच्या लांब काठीला क्यू म्हणतात. तिच्या टोकाला चामड्याची टिकली असते, आणि चेंडू मारायच्या आधी त्या टिकलीवर निळा चॉक घासतात, नाहीतर काठी चेंडूवरून घसरते आणि चारचौघांत फजिती होते. क्लबात हा चॉक परदेशातून यायचा. मग तो यायचा बंद झाला. का झाला, ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे मी शोधायलाही गेले नाही. बाजारात जे मिळे ते अगदीच टाकाऊ, आणि साहेब लोक काठी घसरली की मार्करकडे बघत. बाबांनी सीताबर्डीतून शाळेचे खडू आणले, कुटले, कपड्यांची नीळ घातली, डिंकाच्या पाण्यात भिजवून ठोकळे पाडले. दिसायला हुबेहूब. दुसऱ्याच दिवशी एका मोठ्या वकिलाची काठी त्या चॉकवर घसरली, पांढरा चेंडू टेबलावरून उडून त्यांच्याच पाहुण्याच्या पायावर आदळला. बाबा घरी आले ते जेवलेच नाहीत. ताटावर बसले आणि उठले.

मायने दुसऱ्या दिवशी तो जुना, विलायती चॉकचा उरलेला तुकडा मागून घेतला. बोटांत चुरडला, जिभेवर ठेवला, दातांखाली घेतला आणि करकर वाजवला. हा नुसता खडू नाही, यात गारगोटी आहे, असं ती म्हणाली. मायचं माहेर रामटेककडचं. तिकडे शेतात पांढऱ्या गारगोट्या पैशाला पासरी. तिच्या लहानपणी बाया गारगोट्या चुलीत लाल करून पाण्यात टाकायच्या, मग त्या तडकून ठिसूळ व्हायच्या, आणि त्या कुटून रांगोळी करून विकायच्या. लिंबाखाली, उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून. मायने तेच केलं, फक्त घरात केलं. मामा बसने येताना गारगोट्यांचं पोतं आणून टाकायचा. चुलीतला निखारा आणि गारगोटी दोन्ही एकाच रंगाचे झाले की माय चिमट्याने एकेक उचलून बादलीत टाकायची, आणि चर्रर्र असा आवाज व्हायचा. मग लोखंडी खलबत्ता. त्याचा ठणठण आवाज शाळेतून येताना मला वळणावरूनच ऐकू येई, आणि माय घरी आहे म्हणून बरं वाटे.

कुटलेली पूड आधी चाळणीतून, मग गंजाच्या तोंडाला कापड बांधून त्यातून. वस्त्रगाळ. पहिल्या घाण्याचे ठोकळे बाबांनी क्लबात नेले तर काठी घसरली नाही, पण चामड्याच्या टिकलीला खरखर ओरखडे पडले. एखादा जाड कण राहून गेला असणार. मग मायने कामठीच्या विणकराकडून दाट विणीचं कापड आणवलं आणि दोनदा गाळायला लागली. पुढे तीनदा. चिमूट गालावर चोळून बघायची. टोचली नाही म्हणजे झाली. मग त्यात थोडी खडूची पूड, नीळ आणि बाभळीच्या डिंकाचं पाणी घालून घट्ट कणकेसारखा गोळा मळायचा, सागवानी साच्यात दाबायचा, आणि वरच्या अंगाला कंचा, म्हणजे खेळायची काचेची गोटी, दाबून खळगा पाडायचा. कंच्याचं काम माझं. सुपात मांडलेले निळे ठोकळे सावलीत वाळत असत, आणि आमची नखं, मायच्या लुगड्याचा पदर, कधी कधी भाकरीची कडसुद्धा निळी असे.

गाळायचं काम चाललं की माय दार लावून घ्यायची, खिडकीला पोतं अडकवायची. गल्लीत दिवसभर धुळीचे लोट. रस्त्यावरच्या मातीचा एक कण पुडीत पडला तर सगळा घाणा वाया. बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून ती दार लावायची, हे वाक्य लिहिताना आजही माझा हात थांबतो. चॉक खपायला लागल्यावर बाबांनी टेबलफॅन आणला. गल्लीतला पहिला. शेजारणी बघून गेल्या. पण पुडीला वारा लागला की ती उडून जाई, आणि जी सगळ्यांत बारीक तीच आधी उडे. म्हणून गाळताना पंखा बंद. नागपूरचा उन्हाळा, वर तापलेलं कवेलू, दार बंद, खिडकी बंद, नवाकोरा पंखा कोपऱ्यात गप्प, आणि माय त्या पांढऱ्या ढगात बसून कापडावर हात फिरवत असे. बाहेर येई तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. मला हसू येई. ती मुद्दाम म्हातारीसारखी कमरेत वाकून चालून दाखवी.

बाबांच्या चॉकचं नाव झालं. कामठीच्या फौजी मेसचा मार्कर सायकल हाणत येऊन नेऊ लागला, मग आणखी कुठून कुठून मागणी यायला लागली. ते बाबांचं नाव होतं. ठोकळे कोण करतं, हे कुणी विचारत नसे आणि बाबा सांगत नसत. त्यात लबाडी नव्हती. मिश्रण फुटलं तर दुसरा कुणी करू लागेल, ही भीती होती, आणि ती बाबांपेक्षा मायलाच जास्त. गारगोटीचं पोतंही ती शेजाऱ्यांना ज्वारीचं म्हणून सांगायची. मागच्या वर्षी माझ्या नातवाच्या पँटच्या खिशात असा एक निळा ठोकळा सापडला. तो कॉलेज सुटलं की मेट्रोने बर्डीला उतरतो आणि कुठल्याशा स्नूकर पार्लरात खेळतो. मी तो ठोकळा चिमट्यात धरून अंगणात फेकला आणि त्या पोराला नको नको ते बोलले. "आजी, चॉक आहे तो, विष थोडीच आहे," तो म्हणाला. खरं होतं त्याचं. मी आत जाऊन पडून राहिले.

गाळून झालं की माय गुळाचा खडा खायची. गुळाने गळ्यातली धूळ उतरते, असं तिच्या माहेरी मानत. बाबा गूळ कधी संपू देत नसत. तेवढी तिची काळजी ते घेत, आणि त्यांना वाटे की पुरेशी घेतली. मी सातवी-आठवीत असेन तेव्हा तिला खोकला लागला. कोरडा, न थांबणारा. मग पाणी भरताना दम लागायला लागला. हाक गल्लीच्या तोंडापर्यंत पोचेना. तिची चोळी ढिली पडत गेली. मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, फोटोत डाग दिसले, आणि त्या काळी डाग म्हणजे टीबी. गोळ्या सुरू झाल्या, सुया सुरू झाल्या. आजार सांसर्गिक आहे, पोरीला जपा, असं तिथल्या नर्सबाईंनी बजावून सांगितलं.

मायने ते फारच मनावर घेतलं. तिची थाळी वेगळी, गिलास वेगळा, अंथरूण बाहेरच्या खोलीत दाराशी. मी जवळ गेले की ती पदर तोंडाला लावायची आणि हाताने लांब हो अशी खूण करायची. माझ्या केसांना तेल लावायला शेजारच्या मावशी यायच्या. तापाने मी फणफणले तेव्हासुद्धा माय उंबऱ्यापलीकडे बसून राहिली, आणि कपाळावरच्या घड्या बाबांनी बदलल्या. पहिल्या पहिल्यांदा मी रडून गोंधळ घातला, तिच्या अंथरुणात घुसायला गेले, तर तिने मला पायाने ढकललं. तिने मला मारलेलं मला दुसरं काही आठवत नाही. मग मीही हट्ट सोडला. खोलीच्या या टोकाला मी, त्या टोकाला ती. आणि गोळ्यांनी थोडं बरं वाटलं की ती पुन्हा गाळायला बसे, दार लावून, मला बाहेर ठेवून.

गोळ्यांचा एक फेरा संपला, दुसरा झाला, माय खंगतच गेली. तेव्हा दवाखान्यात एक नवे, तरुण डॉक्टर आले होते. त्यांनी फोटो उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला, जुने फोटो मागवून घेतले, आणि मायला विचारलं, कोणत्या दगडखाणीत काम करता बाई?

"खाणीत नाई जी," माय म्हणाली. "मी काईच काम नाई करत. घरीच राहतो."

डॉक्टरांनी बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, मी क्लबात मार्कर आहे. मग पुन्हा मायला, आधी कधी, माहेरी, काचेच्या कारखान्यात, गिट्टी फोडायला? ती मान हलवत राहिली. तिला खरोखरच ते काम वाटत नव्हतं, भाकरी करणं काम वाटत नव्हतं तसं.  बाबांच्या तोंडावरून मला दिसत होतं की त्यांच्या डोक्यात काहीतरी हलतं आहे, पण जीभ उचलत नाही. शेवटी मीच बोलले.

"माय गारगोटी कुटते," मी म्हटलं. "अन् फडक्यातून गाळते."

मायने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरीच केली होती. घरातली गोष्ट बाहेर काहून सांगते वं, असं ती पदराआडून पुटपुटली. तिला वाटलं, डॉक्टरांना चॉकचं मिश्रण कळलं.

डॉक्टरांनी मग सगळं खोदून खोदून विचारलं. कुठे बसून गाळता, किती बारीक, वारा असतो का. शेवटी बाबांना बाहेर घेऊन गेले. मी दाराशी उभी होते, मला ऐकू आलं. हा टीबी नाही. दगडाची पूड श्वासाबरोबर आत जाऊन बसली आहे, ती बाहेर निघत नाही आणि तिच्यावर औषध नाही. पूड जितकी बारीक तितकी ती खोल जाते. जाड असती तर नाकातच अडकली असती. बाबांनी एकच विचारलं, गुळाने काही होत नाही का. डॉक्टर चांगले होते, ते हसले नाहीत. आणखी एक गोष्ट बाबांनी खालच्या आवाजात विचारली, ती मला ऐकू आली नाही.

घरी येऊन बाबांनी साचा चुलीत घातला. पोतं ओढत नेऊन नाल्यात ओतलं. खलबत्ता उचलला तेव्हा मायने अडवलं, की तो काहून फेकता, मसाला कशात कुटू. गोळ्या का बंद झाल्या, काम का बंद झालं, यावर ते काही बोलेनात. साहेब लोकांना आता विलायती माल मिळतो, एवढंच म्हणाले. ते चांगलं खोटं बोलू शकत नव्हते. मायने दोन दिवस वाट पाहिली आणि मग म्हणाली, मला तुमचा खेळ दाखवा. एवढी वर्षं झाली, ते टेबल असतं तरी कसं ते मी पाहिलं नाही.

क्लब सोमवारी बंद असे. दुपारी आम्ही रिक्षाने गेलो, मागच्या दाराने आत शिरलो. पायऱ्या थोड्याच होत्या, पण माय प्रत्येकीवर थांबली. आत थंडगार अंधार, भिंतीला काठ्या लावलेल्या, आणि बाबांनी दिवे लावले तसं मधोमध ते भलं मोठं हिरवं टेबल उजळलं. माय भिंतीकडच्या उंच बाकावर बसली. मी नेहमीसारखी लांब, दाराशी. बाबांनी काठी घेतली, खिशातून आमचा एक निळा ठोकळा काढला, टिकलीवर हलकेच दोनदा फिरवला आणि जास्तीची भुकटी फुंकून टाकली.

"एवढंच लावता?" मायने विचारलं.

"एवढंच लागते."

"अन् बाकीचं?"

"खाली पडते," बाबा म्हणाले. "सकाळी झाडून टाकतो."

मायने खाली पाहिलं. टेबलाच्या भोवती फरशीवर निळसर भुकटी होतीच. ती पायाच्या अंगठ्याने तिने जराशी पुसली. मला वाटलं ती आता रडेल, किंवा बाबांवर धावून जाईल. मी तर गेले असते. बाबांनी चेंडू मारला. टक् असा गोड आवाज झाला, लाल चेंडू जाऊन जाळीत पडला. घसरली नाही ना, तिने विचारलं. तुझ्या चॉकने कधीच घसरली नाही, ते म्हणाले, आणि काठी टेबलावर आडवी ठेवून तिच्या पायाशी फरशीवरच बसले. डॉक्टर काय म्हणाले ते आता खरं सांगा, असं मायने म्हटलं. बाबांनी सांगितलं. टीबी नाही म्हणून सांगितलं, पुडीचं सांगितलं, दाराचं सांगितलं, औषध नाही हेही सांगितलं. सांगताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. माय सगळं ऐकून घेत होती, आणि मध्येच तिने त्यांचा खांदा धरून हलवला.

"टीबी नाई म्हणता," ती म्हणाली. "मंग हे पोरीले लागत नाई?"

"नाई."

"पक्कं?"

"पक्कं. तेच इचारलं मी डॉक्टरले."

तिने दुसरं काही विचारलं नाही. आपण किती जगणार, हे तिने तिथे विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही. ती माझ्याकडे वळली, पदर तोंडावरून खाली घेतला, आणि कितीतरी दिवसांनी मी तिचं पूर्ण तोंड जवळून पाहिलं, वाळलेलं आणि हसणारं.

"ये वं शालू," ती म्हणाली. "तशी दूर काहून उभी राहून राहिली?"

 जवळ जायची मला सवयच राहिली नव्हती. मग गेले. तिने मला ओढून बाकावर शेजारी घेतलं, डोक्यावरून, खांद्यांवरून, पाठीवरून हात फिरवला, बाजारात कापड पारखावं तसा. केवढी झाली तू, केवढी झाली, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिच्याहून बोटभर उंच झाले होते, आणि ते तिला त्या दिवशी कळलं. बाबा टेबलाकडे तोंड करून उभे राहिले आणि ब्रशने ते स्वच्छ कापड झाडत राहिले.

पुढचा उन्हाळा तिने पाहिला नाही. तोवर मात्र मी रोज तिच्या कुशीत झोपले, आणि दम लागून ती रात्र रात्र बसून राहायची तेव्हाही तिने मला सरक म्हटलं नाही.